सोळा तास चाळीस मिनिटं

मी एसटीत वाहक आहे. माझ्या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर तारीख, वेळ आणि टप्पा छापलेला असतो. रात्री वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि रोकड जुळली नाही तर लेखी उत्तर द्यावं लागतं. एखादा विनातिकीट प्रवासी तपासणीत सापडला तर पुढचे कित्येक महिने चौकशीत जातात. हे आधी सांगून टाकते, कारण माझ्या धाकट्या भावाचं जे झालं ते मला पहिल्यांदा या हिशेबातूनच कळलं. कायद्याचे शब्द नंतर आले. त्याचे सोळा तास चाळीस मिनिटं कुठल्याच वेबिलावर नव्हते.

ऑगस्ट 2021. मंगळवारी सकाळी साडेसहाला वस्तीवर जीप आली. चौघे होते, दोघे साध्या कपड्यांत. त्या पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. आमचा समाज विमुक्तांतला. 1871 च्या इंग्रजांच्या कायद्याने आमच्यासारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो कायदा गेला, पण तालुक्यात कुठेही काही हललं की पहिली जीप अजून आमच्याकडेच येते. आईने विचारलं, कुठे नेता? "साहेबांनी बोलावलंय, तासाभरात सोडतो." धाकट्याने चहा अर्धा ठेवला आणि गेला. अटकेचा कागद नाही, कुणाची सही नाही.

मला भावजयीचा फोन आला तेव्हा गाडी अर्ध्या वाटेवर होती. वाहकाला मध्येच उतरता येत नाही. परतीची फेरी करून, डेपोत हिशेब देऊन ठाण्यात पोचायला एक वाजला. ठाणे अंमलदाराने रजिस्टर न उघडताच सांगितलं, या नावाचं कुणी इथे आणलेलं नाही. मी म्हटलं, मग डबा तरी देऊ द्या. तो हसला, "कुणाला?"

मागच्या फाटकाशी एक पोरसवदा शिपाई उभा होता. त्याने आजूबाजूला पाहून डबा घेतला. तासाभराने परत आणून दिला, एक शब्द न बोलता. मी तिथेच उघडला. भाजी संपली होती आणि भाकरीचे काठ उरले होते. धाकटा लहानपणापासून भाकरीचे काठ खात नाही, त्यावरून त्याने आईचे धपाटेही खाल्लेत. म्हणजे तो आत होता आणि जेवला होता. हा पुरावा मी पुढे प्रत्येक जबाबात सांगितला. कुणी लिहून घेतला, कुणी नाही.

डेपोतल्या एका मैत्रिणीने जिल्ह्याच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलबाईंचा नंबर दिला. त्यांनी माझं रडणं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, ठाण्यासमोर बसू नका. पोस्ट बंद व्हायच्या आत पोस्टात जा." त्यांनी फोनवर मजकूर सांगितला, मी वेबिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिला: भावाला आज सकाळी 6:30 ला अमुक ठाण्याच्या पोलिसांनी घरातून नेलं, अटकेची कल्पना दिली नाही, ठाण्यात विचारलं तर नाही म्हणतात, त्याच्या जिवाला धोका आहे. एक पोलीस अधीक्षकांना, एक कोर्टाला. दोन स्पीडपोस्ट. मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. माणूस भिंतीपलीकडे आहे आणि मी पाकिटाला डिंक लावत बसलेय! पोस्टातल्या बाईने पावत्या दिल्या. त्यांवर वेळ छापलेली होती, 15:42.

पोलिसांच्या कागदावर धाकट्याची अटक रात्री 11:10 ची आहे. बसस्टँडच्या मागे, संशयास्पदरीत्या फिरताना.

अटकेच्या पंचनाम्यावर ज्याची सही आहे तो माणूस आमच्या गावचा नाही. नंतर कळलं, तो त्या ठाण्याचा नेहमीचा पंच. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली लिहून ठेवलंय की अटकेच्या वेळी मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, करायचा, त्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचं, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. हा आदेश प्रत्येक ठाण्यात फलकावर लावायचा असतो. आमच्या इथेही होता. त्याच्यापुढे पाण्याचा जार ठेवलेला असायचा.

बुधवारी दुपारी त्याला कोर्टात उभं केलं. मी मागच्या बाकावर होते. पायात चप्पल नव्हती आणि तो पावलांच्या कडांवर चालत होता, तापलेल्या फरशीवर चालावं तसा. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? त्याने आधी शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं. मग म्हणाला, नाही. सोबत सरकारी दवाखान्याचा कागद होता, एका ओळीचा, तब्येत ठीक. मोफत मिळालेल्या वकिलाने एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मागितली, मिळाला दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. हे सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. मी हाक मारली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय. कोर्टात ओरडायचं नसतं एवढंच तेव्हा माहीत होतं.

गुरुवारी पहाटे फोन आला तो आम्हाला नाही, गावच्या पोलीस पाटलांना. मुलगा आजारी आहे, घरच्यांना सिव्हिलला पाठवा. सिव्हिलमध्ये कुठल्या वॉर्डात म्हणून विचारलं तर वॉर्डबॉयने हाताने मागची इमारत दाखवली.

पोलिसांचं म्हणणं असं की रात्री अडीच ते तीनच्या दरम्यान लॉकअपच्या संडासाच्या झरोक्याला घोंगडीची पट्टी बांधून त्याने गळफास घेतला. पहारेकरी तेव्हा पाणी प्यायला गेला होता.

पुढचे दोन दिवस आम्ही शवागाराबाहेर बसलो. लोकांना वाटतं प्रेत ताब्यात घ्यायला नकार देणं हे आंदोलन असतं. खरं म्हणजे तेवढीच एक गोष्ट आमच्या हातात होती. एकदा अग्नी दिला की पुढे फक्त कागद उरतो, आणि कागद त्यांचा. पहिल्या दिवशी तहसीलदार पंचनाम्याला आले. वकीलबाईंनी मोबाइलवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 176 (1-अ) उघडून त्यांच्यापुढे धरलं: कोठडीत मृत्यू झाला, कोठडीतून माणूस नाहीसा झाला किंवा बलात्कार झाला, तर चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची. 2006 सालापासून हा कायदा आहे. तहसीलदार भला माणूस होता. म्हणाला, मॅडम, मला तर नेहमी बोलावतात. आता नव्या संहितेत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तेच कलम 196 आहे. नंबर बदलला, बोलावणं कुणाला जातं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी न्यायदंडाधिकारी आले. प्रेत मेडिकल कॉलेजला न्यायचं ठरलं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं ठरलं. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर 24 तासांत देण्याचा आदेश राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 1993 सालीच काढलाय आणि चित्रीकरणाबद्दल 1995 साली मुख्यमंत्र्यांना लिहिलंय. तरी आम्हाला ते मागावं लागलं, हात जोडून, मग आवाज चढवून, मग पुन्हा हात जोडून.

आणि मग दफनाचा प्रश्न आला. आमच्या घरात अग्नी देतात. वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ताई, पुरा. उद्या दुसऱ्यांदा तपासणीची वेळ आली तर शरीर लागेल. हे आईला कसं सांगायचं? मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे अजून बी त्याला बाहेर काढतील?" भावकीतले दोघे उठून गेले. शेवटी आईनेच मातीची मूठ टाकली. त्यानंतर सहा महिने ती रोज संध्याकाळी तिकडे जायची, कुणी खणलं तर नाही ना ते बघायला. मला आजही ठरवता येत नाही, आम्ही तिच्याशी बरं वागलो की वाईट. ते शरीर पुन्हा काढायची वेळ आली नाही.

शवविच्छेदनाच्या पहिल्या कागदावर मृत्यूचं कारण नव्हतं. 'मत राखून ठेवले', व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत. पण जखमांची यादी होती, एकोणीस. दोन्ही तळपाय, मांड्यांची मागची बाजू, मनगटांभोवती वळ. ठाण्यात ज्या पट्ट्याला बाजीराव म्हणतात त्याचे वळ कसे दिसतात ते आमच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांइतकंच कळतं. ठाण्यात मात्र नोंद झाली ती अकस्मात मृत्यूची. गुन्हा नाही.

चौकशी सुरू व्हायला चार महिने गेले. त्याच सुमारास एसटीचा संप लागला, नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022. पगार बंद, घरात दोघींच्या पदराची तीन पोरं. पण खरं सांगायचं तर संप नसता तर मला इतक्या तारखांना जाता आलंच नसतं. सहकारी डेपोसमोर मांडव टाकून बसले होते, मी कोर्टाच्या व्हरांड्यात. कायद्याप्रमाणे मृताच्या नातेवाइकांना चौकशीची खबर द्यायची असते आणि हजर राहू द्यायचं असतं. खबर एकदाही आली नाही. वकीलबाईंचा कारकून आठवड्यातून दोनदा कोर्टाचा बोर्ड, म्हणजे तारखांची यादी, वाचून यायचा म्हणून कळायचं.

सीसीटीव्हीचं सांगते. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला आदेश दिला होता: प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, लॉकअपसुद्धा धरून, आणि चित्रण 18 महिने जपायचं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. धाकटा गेला त्याच्या आठ महिने आधीची गोष्ट. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यायची असते, माझं उत्तर 29 व्या दिवशी आलं: लॉकअपसमोरचा कॅमेरा नादुरुस्त, इतर कॅमेऱ्यांचं चित्रण 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणजे उत्तर हातात येईपर्यंत उरलंसुरलंही पुसलं गेलेलं. माझ्या बसमधलं मशीन बिघडलं तर मला तिथल्या तिथे छापील तिकिटांची पेटी काढावी लागते. असो.

लॉकअपमध्ये त्या रात्री आणखी एक आरोपी होता, दारूच्या केसमधला. त्याने पहिल्या जबाबात सांगितलं की मंगळवारी दुपारपासून वरच्या खोलीतून ओरडणं ऐकू येत होतं. दुसऱ्या वेळी म्हणाला, मी झोपलो होतो. फितूर झाला म्हणून लोक त्याला शिव्या देतात. मी देत नाही. त्याला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचं आहे. तामिळनाडूत सातनकुलमला जून 2020 मध्ये बापलेकांना मारलं तेव्हा त्याच ठाण्यातल्या महिला हेड कॉन्स्टेबलने उभं राहून साक्ष दिली. आमच्या ठाण्यात तसं कुणी निघालं नाही. डबा नेणारा शिपाई बदलून गेला होता. त्याने जबाबात लिहून दिलं, आठवत नाही.

मध्यस्थही येऊन गेला. दूरचा पाहुणाच होता. पोरीच्या नावावर एफडी करू, केस लांबवून काय मिळणार, गेलेला माणूस येतो का. भावजय काही बोलली नाही. तिचं वय तेव्हा पंचवीस होतं आणि तिने विचार केला असेल तर मी तिला दोष देणार नाही. भरपाई हा हक्क आहे हे आम्हाला नंतर कळलं. ओडिशाच्या नीलाबती बेहेरा या आईला 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख दिले ते दया म्हणून दिले नव्हते, राज्याने मूलभूत हक्क मोडला म्हणून दिले होते. पण पाहुण्याच्या पिशवीतल्या पैशात आणि त्यात फरक असा की पिशवीबरोबर एक कोरा कागदही होता, सहीसाठी.

माझी साक्ष झाली तो दिवस मात्र नीट आठवतो. न्यायदंडाधिकारी तरुण होते. मी सकाळचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. भाकरीच्या काठाशी त्यांनी पेन थांबवलं, काही म्हणाले नाहीत. मग वकीलबाईंनी पावती पुढे केली. तोवर तिच्यावरची शाई फिकट होत आली होती, मी ती प्लॅस्टिकमध्ये घालून पोथीत ठेवली होती. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि स्टेशन डायरीचं पान शेजारी ठेवलं. एकीकडे 15:42, दुसरीकडे 23:10. "म्हणजे ज्याला अजून पकडलेलंच नाही त्याला पोलिसांनी पकडल्याचं तुम्ही साडेसात तास आधी लिहून पाठवलं?" मी म्हटलं, हो साहेब. त्यांनी पोस्टाकडून नोंदणीची प्रत मागवायला सांगितली. त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं की खोलीत आणखी एकाला हिशेब जुळत नसल्याचं दिसलंय.

परत येताना वकीलबाईंनी लखनभैया प्रकरण सांगितलं. 11 नोव्हेंबर 2006 ला नवी मुंबईतून त्या माणसाला उचललं तेव्हा त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा पाठवल्या होत्या. संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमक' झाल्याचं जाहीर झालं. त्या तारांवरच्या वेळा पुढे चकमकीची गोष्ट मोडायला कामी आल्या. 2013 साली 13 पोलिसांसह 21 जण दोषी ठरले. नंतर वरच्या कोर्टात त्यातले काही सुटले, पण खाली सुटलेल्या एका बड्या निवृत्त अधिकाऱ्याला मार्च 2024 मध्ये तिथेच जन्मठेप झाली. "तार बंद झाली ना 2013 ला," वकीलबाई म्हणाल्या, "म्हणून तुम्हाला स्पीडपोस्ट सांगितलं."

त्यांच्याकडूनच मला कळलं की त्या सोळा तास चाळीस मिनिटांना जगात एक नाव आहे: सक्तीने बेपत्ता करणं. मला वाटायचं, बेपत्ता म्हणजे वर्षानुवर्षं न सापडलेला. आणीबाणीत, 1976 साली, केरळमध्ये उचललेल्या राजन या इंजिनीअरिंगच्या पोराचं शरीर त्याच्या वडिलांना, ईच्चर वारियर या हिंदीच्या प्राध्यापकांना, शेवटपर्यंत मिळालं नाही. किंवा आपल्या परभणीचा ख्वाजा युनूस, 2003 च्या जानेवारीत पोलिसांनी तो आमच्या ताब्यातून, गाडीतून पळाला म्हणून सांगितलं आणि आई त्याच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. पण संयुक्त राष्ट्रांच्या करारातल्या व्याख्येत तासांची, दिवसांची अट नाही. सरकारच्या माणसांनी नेलं आणि नेलं नाही म्हणून सांगितलं, की झालं. भारताने त्या करारावर 2007 साली सही केली, छळविरोधी करारावर त्याच्याही आधी, 1997 ला. मंजुरी दोन्हींना दिलेली नाही. आपल्या कायद्यात 'बेपत्ता करणं' असा वेगळा गुन्हाच नाही, त्यामुळे धाकट्याचे ते तास फार तर बेकायदा डांबून ठेवणं ठरतात.

चौदा महिन्यांनी अहवाल आला. नक्कल मिळायला आणखी सात आठवडे. 41 पानं. जखमा कोठडीतल्या आहेत, अटकेची वेळ विश्वासार्ह नाही, गळफासाची गोष्ट संशयास्पद आहे. मी बसस्टँडवर बसून दोनदा वाचला. मला वाटलं, झालं, आता गुन्हा दाखल होईल.

काहीच झालं नाही. अहवाल सरकारकडे गेला आणि कायद्यात पुढचं पाऊल कुठे लिहिलेलंच नव्हतं. हा माझा शोध नाही. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात उच्च न्यायालयाच्या खंडपीठालाही हीच पोकळी दिसली. 15 डिसेंबर 2024 ला न्यायालयीन कोठडीत गेलेला तो कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या आईने, विजयाबाईंनी, याचिका केली. जुलै 2025 मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं तर तिथेही तोच आदेश कायम राहिला. त्या आईला मी भेटलेले नाही. पण तो निकाल आला तेव्हा गुन्हा दाखल व्हावा म्हणून आम्ही केलेल्या याचिकेला जोडायला वकीलबाईंनी त्याच्या तीन प्रती काढल्या आणि एक मला दिली, घरी ठेवायला.

आमच्या याचिकेत आता वाद आहे परवानगीचा. पोलिसांवर खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी हवी, कारण ते 'कर्तव्य' बजावत होते. ख्वाजा युनूसच्या प्रकरणात याच टप्प्यावर आरोपी पोलिसांची यादी आटली आणि चौघांवरच खटला उभा राहिला. नव्या संहितेत 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं, पण आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं, तेव्हा हे लागू होतं की नाही यावर दोन तारखा गेल्या. आणि समोरच्या वकिलांनी पावतीबद्दल म्हटलंय की तिच्यावरून बाईने पाकीट पाठवलं एवढंच सिद्ध होतं, भाऊ कुठे होता ते नाही. पोस्टातल्या त्या बाई निवृत्त झाल्यात, त्यांना साक्षीला बोलवायचं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीत त्या ठाण्यापुढच्या थांब्यावर दोन पोलीस एका आरोपीला घेऊन चढले. तालुक्याहून जिल्ह्याला, वॉरंटवर, म्हणजे पोलिसांच्या प्रवासाच्या सरकारी कागदावर. पोरगा वीस-बावीसचा, हाताला बेडी, दोर एका हवालदाराच्या मनगटाला. मी वॉरंट पाहिलं, तिकीट काढलं, तिघांचं एकच. हवालदाराने हात पुढे केला. मी विचारलं, कधी आणला याला? तो म्हणाला, सकाळीच. कागदावर किती वाजता? तो माझ्याकडे बघायला लागला. मी आणखी एकदा बटण दाबलं, माझ्या खिशातले पैसे पेटीत टाकले आणि ते दुसरं तिकीट पोराच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. 10:25, टप्पा क्रमांकासकट. "फेकू नकोस," एवढंच म्हटलं, आणि पुढच्या सीटकडे वळले.